साडेबेचाळीस

“पाडतं ते विमान, वैमानिक नुसता आत बसलेला असतो.”

हे वाक्य हौसेराव ताटे एकदा सोसायटीच्या गणपतीत माइकवरून बोलले. खरं तर त्यांना फॅन्सी ड्रेसचे निकाल जाहीर करायला उभं केलं होतं. समोर एक टोमॅटो, एक मधमाशी, दोन पोलीस आणि पुठ्ठ्याचा एक मोबाइल टॉवर ताटकळत बसले होते. हौसेरावांनी निकालाचा कागद खिशात घातला आणि फिनलंड नावाच्या देशात थंडी किती पडते इथपासून सुरुवात केली. टोमॅटोने भोकाड पसरलं तेव्हा भाषण संपलं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला टेकून त्यांची बायको वैशाली ऐकत होती. खाली उतरणं तिला तेव्हाच जड जायला लागलं होतं. पण लाउडस्पीकर असल्यामुळे चौथ्या मजल्यावरही नवऱ्यापासून सुटका नव्हती.

वाक्य मात्र तिच्या डोक्यात राहिलं. मिठागरात पाणी सोडावं, आणि सगळं पाणी उडून गेल्यावर खाली मीठ उरावं, तसं ते राहिलं.

विमानाची गोष्ट अशी. हौसेराव तुर्भ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते. कारखान्याची रद्दी विकण्याचं काम त्यांच्याकडे होतं. एकदा त्या रद्दीत कुठल्याशा इंजिनियर साहेबांचं जुनं इंग्रजी मासिक निघालं. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाचा फोटो होता. ढब्बू मिरचीसारखं फुगलेलं, आखूड, डोळ्यांना बिलकुल न भावणारं विमान. बनवलं अमेरिकेने, पण अमेरिकेलाच त्याची लाज वाटायची. फिनलंडने ते घेतलं आणि रशियाविरुद्ध उडवलं, आणि तिथे त्याने कमाल केली. त्यातल्याही एका विमानाने, शेपटीवर ३६४ लिहिलेल्या त्या एका डबड्याने, म्हणे एकट्याने साडेबेचाळीस विमानं पाडली. वैमानिक बदलले, विमान तेच. जगात दुसऱ्या कुठल्या एका विमानाच्या नावावर एवढी नसावीत, असं त्या मासिकात छापलं होतं.

हौसेराव घरी आले ते वेगळेच होऊन आले. आयुष्यभर ज्याला कोणी रांगेत पुढे घेतलं नाही, अशा माणसाला अचानक आपला पूर्वज सापडावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. वैशालीने सगळं ऐकून घेतलं आणि पोळी उलटता उलटता एवढंच विचारलं,

“अहो, पण साडे कसं? अर्धं पाडलं तर उरलेलं अर्धं उडत घरी जातं का?”

“दोघांनी मिळून एक पाडलं की दोघांना अर्धं अर्धं,” हौसेराव दुखावून म्हणाले. “साधी गोष्ट आहे. तुला नाही कळायची.”

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी पहिली वस्तू आणली ती त्या विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. महिनाभर घराला डिंकाचा वास येत होता. हॉलच्या छताला जाईच्या पाळण्याची कडी होती. मुलगी केव्हाच लग्न होऊन बंगळुरूला गेली, कडी रिकामीच होती. त्या कडीला सारसोळ्याहून आणलेल्या गळाच्या दोरीने विमान टांगलं. पंखा चालू असला की ते गोल फिरायचं, बंद केला की त्याचं नाक नेमकं स्वयंपाकघराकडे यायचं.

आणि मग हौसेरावांनी लढाई सुरू केली.

नेरुळला, सारसोळे गावाला चिकटून असलेली त्यांची ‘गगनदीप’ सोसायटी म्हणजे तळमजला अधिक चार मजल्यांची, वीस फ्लॅटची, लिफ्ट नसलेली एक जुनी इमारत. नाव गगनाचं, पण वर बघितलं तर टाकीची गळती. तिथे भांडणाला तोटा नव्हता. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा ठराव आला, हौसेरावांनी पाडला. पार्किंगमध्ये पट्टे आखायचं ठरलं, पाडलं. गणपतीला ऑर्केस्ट्रा, पाडला. दोन सेक्रेटरी, एक खजिनदार, पाण्याचा मीटरवाला, कबुतरांना दाणे टाकणारी तिसऱ्या मजल्यावरची कुटुंबं, सगळे पडले. प्रत्येक विजयानंतर घरी आल्यावर ते चप्पलसुद्धा न काढता विमानापाशी जायचे आणि टूथपिकच्या टोकाने शेपटीवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. मग आतल्या दिशेने आवाज द्यायचे,

“पाडला!”

हा आवाज आला की वैशाली शिऱ्याचा रवा भाजायला घ्यायची. हा त्या घराचा रिवाज होता. बाहेर कोणीतरी पडलं की आत शिरा.

मराठीत ‘पाडणे’ हा फार सोयीचा शब्द आहे. विमान पाडता येतं, उमेदवार पाडता येतो, ठराव पाडता येतो, इमारतही पाडता येते. बांधणे या शब्दाला एवढी कामं नाहीत. हौसेरावांना हा शब्द जिभेवर खडीसाखरेसारखा घोळवायला आवडायचा.

एक गोष्ट मात्र ते कधी बोलत नसत. गगनदीपमधला तो फ्लॅट त्यांच्या नावावर नव्हता. वैशाली टेलिफोन खात्यात होती, तिची नोकरी पक्की होती, हौसेरावांच्या कारखान्यात तेव्हा संप चालू होता. कर्ज तिच्या पगारावर मिळालं, म्हणून सोसायटीच्या दफ्तरात पहिलं नाव वैशाली ताटे, आणि खाली हौसेराव. यात काही गुपित नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे विसरले होते, हौसेराव धरून. प्रत्येक सभेच्या सकाळी चहाबरोबर ते एक चिठ्ठी तिच्यापुढे सरकवायचे: माझ्या वतीने माझे पती मत देतील. ती सही करायची आणि कप उचलायची. मग लढाईला ते जायचे.

या चिठ्ठीचा नियमही त्यांनीच पक्का करून घेतलेला होता. त्याची कथा अशी की पहिल्या मजल्यावरचे दिलीप साटम एकदा सेक्रेटरीपदाला उभे राहिले. निवडून येणार हे नक्की होतं. तेवढ्यात हौसेराव उभे राहिले.

“साटम, फ्लॅट मिसेसच्या नावावर ना?”

“मग? आमच्यात तुझं-माझं नसतं.”

“सोसायटीत असतं. ज्याचं नाव पहिलं, मत त्याचं. नवरा असो नाहीतर राष्ट्रपती. मिसेसची चिठ्ठी आणलीय? नाही ना? बसा खाली.”

साटम बसले. हौसेरावांनी तिथल्या तिथे ठराव लिहून घेतला: चिठ्ठी असेल तर नवऱ्याचं मत चालेल, पण सभासद स्वतः सभेला हजर असेल तर चिठ्ठी रद्द. त्या दिवशी शेपटीवर चांगली ठसठशीत रेघ आली. साटमांनी त्या रात्रीपासून बायकोमागे लकडा लावून फ्लॅटवर आपलं नाव पुढे आणलं, आणि काही वर्षांनी थेट चेअरमन झाले. पण ते बसलेले ते बसलेलेच राहिले. मनातून माणूस एकदा बसला की नंतरच्या खुर्चीचा उपयोग नसतो.

आणि एक लिफ्ट होती.

म्हणजे नव्हती, पण होणार होती. इमारतीला बाहेरच्या अंगाने लोखंडी सांगाड्याची लिफ्ट लावायची, असा प्रस्ताव आला होता. तळमजल्याचे लोक म्हणाले आम्ही पैसे का द्यायचे, वरचे म्हणाले आम्ही एकटेच का द्यायचे. हौसेराव त्या भांडणाच्या बरोब्बर मध्ये घुसले आणि जिन्यातला उजेड अडेल, हा मुद्दा काढून त्यांनी लिफ्ट पाडली. वैशालीचे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. ती संध्याकाळी सीवूड्सच्या मॉलपर्यंत चालत जाऊन परत यायची. लिफ्ट पडली त्या दिवशी तिने शिऱ्यात बेदाणे जरा जास्तच टाकले होते.

आता तिच्या गुडघ्यांत काही उरलं नव्हतं. गेल्या वेळी दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं तेव्हा तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन हमालांनी उतरवलं. वर आणताना दुसऱ्या मजल्यावर हमालांनी खुर्ची टेकवून तंबाखू मळली. त्या मजल्यावरच्या पोरांनी दार उघडून तिच्याकडे बघितलं, जसं कोणाच्या घरी येणारं कपाट बघतात. त्यानंतर ती उतरली नव्हती. दात पुन्हा दुखायला लागला, तो तिने दुखू दिला.

जग तिच्याकडे टोपलीतून यायचं. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, खालून भाजी, दूध, औषधं, पोस्ट वर ओढायचं. सकाळी सारसोळ्याची गोजरा मासे घेऊन यायची. आधी ती चारही मजले चढायची, आता तिचेही पाय बोलायला लागले होते. ती खाली अशोकाच्या झाडाखाली बसायची आणि वरच्या दिशेने तोंड करून ओरडायची.

“वैनी! ओ वैनी! बोंबील हायेत. टोपली टाक.”

“ताजे आहेत का गं?”

“तुज्यापेक्षा ताजं हायेत. तू किती दिवस झाला वरती सुकत पडलीस.”

वैशाली हसायची. हसल्यावर गुडघ्यांना काही होत नसे, एवढं एक सुख होतं.

“फुडल्या येलंला त्याच टोपलीत बस नि ये खाली,” गोजरा म्हणायची. “मी पकरते.”

“दोरी तुटेल गं.”

“तुटली तं तुटली. निदान जमीन तरी लागंल पायाला.”

त्या सकाळी मात्र गोजराने टोपलीत बोंबील टाकले, आणि दोरी ओढू दिली नाही. धरून ठेवली.

“वैनी, आयक. आमचा मितेश रविवारी येनार हाय तुमच्या मीटिंगला. तुजा नवरा त्याला पाडनार म्हनं.”

“कोण म्हणालं?”

“तुजा नवराच सांगत फिरतंय. दुकानात, बँकेत, सगलीकरं. जसा काय माजा भाचा म्हंजे विमान हाय.”

मितेश म्हणजे गोजराच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या आजोबांची, नामा भोईरांची, भातखाचरं बरोब्बर गगनदीपच्या खाली होती. शहर वसवायला ती गेली. आता नातू गळ्यात जाड साखळी घालून त्याच जमिनीवरची इमारत पाडून बावीस मजली टॉवर बांधायला निघाला होता. तो कामाला येण्याआधी त्याची गाडी यायची, गाडीच्या आधी गाणं यायचं. आठवड्यापूर्वी तो हौसेरावांना समजवायला चौथ्या मजल्यावर चढून आला. आल्यावर पहिली पाच मिनिटं तो नुसता श्वास घेत होता.

“काकी, पानी,” तो म्हणाला. मग विमानाकडे बघून, “हा कुठला? राफेल?”

हौसेरावांनी डोळे मिटले. राफेल म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

“काका, सिंपल हाय,” मितेश म्हणाला. “आता तुमचा किती हाय? पाचशे फूट. मी देतो साडेसातशे. तीन वर्षांचा भाडा ॲडव्हान्स. पार्किंग. गार्डन. दोन लिफ्ट, काका, दोन! एक बंद परली तर दुसरी. टेन्शनच नाय.”

वैशाली पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. दोन लिफ्ट, हे शब्द तिने भुकेल्या माणसाने दुसऱ्याचं ताट बघावं तसे ऐकले.

“आणि अर्धवट टाकून पळालास तर?” हौसेराव म्हणाले.

“काका, मी कुठं पलनार? ही माज्या आज्याची जमीन हाय. मी पललो तं आज्जी येऊन मारंल मना.”

“पळणारे सगळे कोणा ना कोणाचे नातूच असतात.”

हे चांगलं वाक्य होतं. हौसेरावांची वाक्यं चांगलीच असायची. आणि मुद्देही खोटे नसायचे, हीच तर पंचाईत होती. आसपास अर्धवट उभे राहिलेले सांगाडे दिसत होते, भाड्याच्या घरात म्हातारे होऊन मेलेले लोक होते. हौसेराव चुकीचं बोलत असते तर त्यांना कोणी तरी कधीच गप्प केलं असतं. ते बरोबर बोलायचे, पण कशासाठी बोलायचे ते वेगळं होतं.

कशासाठी ते वैशालीला शनिवारी दुपारी कळलं. हौसेराव बाहेर गेले होते. ती मऊ ब्रशने विमानावरची धूळ झटकत होती. हे काम तिचंच होतं, लढाई त्यांची आणि धूळ तिची. शेपटीवर रेघांच्या ओळी होत्या, बारीक, दाट, दाण्यासारख्या. तिने कधी मोजल्या नव्हत्या. मोजायची गरज पडली नव्हती, कारण हौसेराव दर आठवड्याला आकडा सांगायचे: बेचाळीस. शेवटच्या रेघेच्या पुढे मात्र आज काहीतरी नवीन होतं. पेन्सिलची रेघ. फिकट, आखीव, फक्त रंग भरायची बाकी.

हौसेराव आले, त्यांनी पिशवी ठेवली. वैशाली ब्रश हातात घेऊन तिथेच उभी होती.

“अहो, यातली लिफ्टची कुठली हो?”

“कुठली लिफ्ट?”

“जी झाली नाही ती.”

हौसेरावांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं. चेहरा उजळला. “ही. दुसऱ्या ओळीत, ही जाड. तेव्हा रंग नवा होता, म्हणून अशी आलीय. छान आलीय नाही?”

“आणि ही पेन्सिलची?”

“ती उद्याची.” ते खुर्चीत बसले, पाय ताणले. “त्रेचाळीस. कळतंय का तुला? साडेबेचाळीसच्या पुढे. नेरुळमध्ये, एका साध्या डिस्पॅच क्लार्कने. जगात कोणाला पत्ता नसेल, पण होणार.”

“मला लिफ्ट हवी होती हो,” वैशाली म्हणाली.

“लिफ्ट बंद पडते. जिना कधी बंद पडलेला बघितलायस?”

“माझ्यासाठी पडलाय.”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तुला. चालत नाहीस. हॉल ते किचन, किचन ते हॉल, किती होईल! आणि बाहेर काय ठेवलंय? सगळं टोपलीत येतं की.”

ते हे रागाने बोलले नव्हते. खरंच त्यांना तसं वाटत होतं, आणि म्हणूनच ते ऐकायला जास्त वाईट होतं. वैशालीने ब्रश जागेवर ठेवला. पंखा बंद होता. विमानाचं नाक तिच्याकडेच होतं.

रविवारी सकाळी चहाबरोबर चिठ्ठी आली. तिने सही केली. हौसेरावांनी ती घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, “संध्याकाळी शिरा कर. बेदाणे टाक.”

“करते.”

दुपारी तिने शिरा केला. तूप सुटेपर्यंत रवा भाजला, बेदाणे टाकले, कढई झाकून ठेवली. मग ठेवणीतली साडी काढली. ती नेसायला तिला बराच वेळ लागला, कारण वाकून निऱ्या करणं हेही आता उतरण्यासारखंच झालं होतं.

गगनदीपच्या सभा गच्चीवर भरायच्या, कारण वीस घरांची माणसं मावतील अशी दुसरी जागाच नव्हती. खालच्या मजल्यावरचे लोक चार-पाच जिने चढून धापा टाकत यायचे. वैशालीला चढायला एकच जिना होता. एवढ्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्यासुद्धा. खाली जाता येत नाही, खाली जाता येत नाही, याच काळजीत ती इतकी बुडाली होती की वर काय आहे हे तिने बघितलंच नव्हतं.

ती वर पोचली तेव्हा सभा रंगात होती. एक एक पायरी चढताना तिला आवाज येत होते. मितेशचं दोन लिफ्टचं भाषण झालं. हौसेराव उठले. त्यांनी आधी पळून गेलेल्या बिल्डरांची, मग भाड्याच्या घरांची, मग अर्धवट सांगाड्यांची अशी रांग लावली. कोणीतरी टाळी वाजवली. शेवटी चेअरमन साटम म्हणाले, “बाजूने असतील त्यांनी हात वर करा.” दहा हात वर झाले. वीस घरं, अकरा मतं हवीत. साटमांनी पुन्हा मोजले. दहाच.

“मग पडला म्हणायचा का?” कोणीतरी विचारलं.

“पडला नाही,” हौसेराव खिशातून चिठ्ठी काढत म्हणाले. “पाडला. माझं मत विरोधात. ही चिठ्ठी, मिसेसची. नोंद करा.”

तेवढ्यात गच्चीचं लोखंडी दार करकरलं.

वैशाली दाराची चौकट धरून उभी होती. कपाळावर घाम होता. डोक्यावर आभाळ. किती दिवसांनी तिच्या डोक्यावर छत नव्हतं! दूर उलव्याच्या बाजूने एक विमान चढत होतं, नव्या विमानतळावरून निघालेलं, हौसेराव ज्याला उडती बस म्हणायचे तसलं. आधी कोणीतरी खुर्ची सरकवली, मग दोघांनी तिला हात दिला.

“अगं, तू कशाला?” हौसेराव म्हणाले. “जा, मी करतोय ना.”

“बसू द्या की ओ,” मितेश म्हणाला. “काकी, पानी देऊ?”

पण चेअरमन साटम हळूहळू उभे राहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांचं काहीतरी वर येत होतं. तळाला गेलेलं झाकण पाण्यावर यावं तसं. त्यांनी सभेचं जुनं रजिस्टर न उघडताच, तोंडपाठ असल्यासारखं म्हटलं,

“सभासद स्वतः हजर असेल तर चिठ्ठी रद्द. ठराव आहे. ताटेसाहेब, तुमचाच आहे.”

“अरे पण तिचं मत तेच आहे,” हौसेराव म्हणाले. “एकच घर आहे आमचं. आमच्यात तुझं-माझं नसतं.”

हे वाक्य आपण कोणाच्या तोंडून ऐकलं होतं ते त्यांना लगेच आठवलं. सभेलाही आठवलं. मागच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं.

“सोसायटीत असतं,” साटम म्हणाले. त्यांना हे बोलायला एवढी वर्षं मिळालं नव्हतं. त्यांनी ते अगदी सावकाश बोलून घेतलं. “वैशालीताई, तुमचं काय?”

वैशालीने श्वास सावरला. तिने हात वर केला. फार वर नाही, टोपलीची दोरी धरताना जेवढा जातो तेवढाच.

“पाडा,” ती म्हणाली.

“काय पाडायचं?” साटम गोंधळले. “ठराव?”

“बिल्डिंग.”

मितेशने टाळी वाजवली, मग कोणी वाजवत नाही हे बघून थांबला. सगळे हौसेरावांकडे बघत होते. हौसेराव हातातल्या चिठ्ठीकडे बघत होते. तिच्यावर वैशालीची सही होती, अगदी नेहमीसारखी, वळणदार. आता तिचा काही उपयोग नव्हता.

“वैशाली,” ते हळू म्हणाले. “त्रेचाळिसावं होतं गं.”

“झालं की,” ती म्हणाली. “आता झालं. हे त्रेचाळिसावं. अख्खी बिल्डिंग.”

“ते माझं कुठाय?”

“तुमची आधीची तरी कुठे होती?” वैशालीच्या आवाजात राग नव्हता. ती नेहमीसारखीच बोलत होती, पोळी उलटताना बोलावं तसं. “फ्लॅट माझ्या नावावर, सही माझी. तुम्हीच बोलला होता ना गणपतीत, माइकवर? सगळ्यांनी ऐकलंय. पाडतं ते विमान. वैमानिक नुसता आत बसलेला असतो.”

आता हसू थांबवणं कोणाला जमलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची कबुतरवाली सगळ्यात मोठ्याने हसली. हौसेराव तसेच उभे होते. आखूड, पोट पुढे आलेले, हात जरा पसरलेले.

वैशालीला ते हसणं ऐकू आलं आणि क्षणभर तिला बरं वाटलं नाही. पण ती बसली होती ती खुर्ची प्लास्टिकची होती, हमालांनी दुसऱ्या मजल्यावर टेकवून ठेवली होती, तशीच.

“अगदी तुमचं काही नाही असंही नाही,” ती म्हणाली. “तो चिठ्ठीचा नियम तुमचा. तो नसता तर मला कोणी विचारलं नसतं. म्हणजे दोघांनी मिळून पाडली. अर्धी तुमची.” तिने जरा विचार केला. “झाले बघा तुमचे साडेबेचाळीस.”

साटम लिहीत होते. मितेश कोणालातरी फोनवर “हो गया, हो गया” म्हणत होता. खालून रस्त्यावरून गोजराची हाक आली, “वैनी, काय झाला गो?” पण वैशाली उठून कठड्यापाशी जाऊ शकत नव्हती. तिचं सगळं लक्ष नवऱ्याकडे होतं.

“शिरा झाकून ठेवलाय,” ती म्हणाली. “गरम करून घ्या.”

हौसेरावांनी चिठ्ठीची घडी केली, मग आणखी एक घडी केली, आणि ती परत खिशात घातली. त्यांनी आपली खुर्ची मिटून भिंतीला लावली, कारण सभेनंतर खुर्च्या मिटून ठेवाव्यात हा ठरावही त्यांचाच होता. मग ते कोणाकडेही न बघता लोखंडी दारातून जिन्यात शिरले.

वैशाली चपलांचा आवाज ऐकत राहिली. चौथ्या मजल्यावर त्या थांबतील, किल्ली वाजेल, असं तिला वाटलं. त्या थांबल्या नाहीत. तिसरा गेला, दुसरा गेला, पहिला गेला, आणि आवाज रस्त्यात मिसळून गेला. किती पटपट उतरले, तिच्या मनात आलं. गुडघे काय छान आहेत यांचे.